हरलो म्हटल्याशिवाय

आमच्या घरात कुणी एखादी गोष्ट जशी घडली तशीच सांगितली, तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची. वडिलांचं महाडच्या पेठेत वह्यापुस्तकांचं दुकान होतं. आषाढात दुकानाच्या तिसऱ्या पायरीला लागलेलं सावित्री नदीचं पाणी त्यांच्या तोंडून गणपतीपर्यंत गल्ल्यावर चढायचं आणि दिवाळीत पंख्याच्या पात्यांना टेकायचं. आई बाजारातून वीतभर बोय आणायची. पाट्यावर वाटण वाटता वाटता तो मासा हातभर व्हायचा आणि पानात वाढताना, कोळणीला तो उचलायला दोन माणसं लागली, असं ती सहज सांगून जायची. आम्ही सगळे खाली बघून जेवायचो. त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं हे आम्हाला दूध पिताना कळलं होतं. जगातल्या बाकीच्या लोकांना ते कुणी शिकवलेलं नसतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. हे प्रकरण त्याबद्दल आहे. यातल्या सुरुवातीच्या आकड्यांतून वाचकांनी आपापल्या मनाने थोडं वजा करावं. शेवटचे आकडे खरे आहेत.

दर रविवारी सकाळी दहा वाजता मी आगाशे सरांच्या पडवीत जायचो. सर हायस्कुलातून गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण गणितातून निवृत्त कसं व्हायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या कपाटाचं एक दार काळं रंगवून त्यांनी भिंतीला टेकवलं होतं, तो फळा. सरांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणायचो. त्या ओलं खोबरं पेरलेले पोहे द्यायच्या आणि चहा इतका गोड करायच्या, की मुंग्या गांधारी नदीचा पूल ओलांडून रांगेने यायच्या. येणारी माणसं शंभरेक. बरं, चार. एसटी डेपोतले कंट्रोलर कदम गाडीच्या नंबराचे अवयव पाडल्याशिवाय गाडी सोडत नसत, त्यामुळे मूळ संख्येची गाडी आली की पोलादपूरला उशीर ठरलेला. नाते गावाहून सायकलवर येणारे तात्या शिंपी बंडीचं कापड बेतताना उरलेल्या चिंध्यांतून चौरस जोडायची कोडी काढायचे. मी सोळा वर्षांचा, विनू, तोंडाने सर्वांत मोठा. आणि सुंदराकाकी.

काकी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उमरठची. चौथी शिकलेली, तिशीची बाई. धाकट्या दिराला महाडच्या बोर्डिंगात ठेवलं होतं, त्याला रविवारी भाकरी आणि सुकटीची चटणी द्यायला ती दोन एसट्या बदलून यायची. पहिल्यांदा सरांकडे आली ती दिराचा दाखला दाखवायला. फळ्यावर तीन गुणिले तीनचा चौकोन होता. एक ते नऊ अंक असे भरायचे, की आडवी, उभी, तिरपी बेरीज पंधराच यावी. आम्ही तिघे दीड तास डोकं फोडत होतो. काकी दारातच उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "पाचाला मधी बसवा. बाकीचे जोडीजोडीनं समोरासमोर, दोघांचं मिळून दहा. एकाच्या समोर नऊ, दोनाच्या समोर आठ. मंग काय उरतंय?" सरांनी चष्मा काढून पुसला. "बसा बाई," ते म्हणाले. ती बसली नाही, उंबऱ्याला टेकली. पुढच्या रविवारी बसली.

त्या पडवीतला आनंद कसा सांगू? परीक्षेच्या गणितात चुकलं तर छडी. इथे चुकलं तर कदम पोटावर हात ठेवून हसायचे आणि "अजून एकदा, अजून एकदा" म्हणायचे. एखाद्याला उत्तर सापडलं की त्याचा चेहरा आधी कळायचा. तात्यांचे कान हलायचे. काकी पदराचं टोक दातात धरायची. मग सर हळूच विचारायचे, "सापडलं?" आणि ती मान हलवायची, पण बोलायची नाही. कारण सरांनी दोन नियम घातले होते. उत्तर माहीत नसलेलं कोडं फळ्यावर मांडायचं नाही. आणि समोरचा स्वतःच्या तोंडाने 'हरलो' म्हणेपर्यंत त्याला उत्तर सांगायचं नाही, मग भले दहा वर्षं जावोत. "त्याचा आनंद त्याच्या हातून काढून घेणारे आपण कोण?" असं सर म्हणत. जो हरलो म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. बाईंनी हा तिसरा नियम आपणहून जोडला होता. कदम आणि तात्या आलटूनपालटून विसळायचे. काकीने दोनदा विसळले, हसत. मी एकदाही नाही. मला सगळी कोडी सुटायची म्हणून नव्हे. मी फक्त 'झालं, झालं, माझं झालंय' असं म्हणून गालात हसत बसायचो, आणि नियमाप्रमाणे मला उत्तर विचारायची कुणाला मुभा नव्हती.

त्या थंडीत काकीने आम्हा सगळ्यांना उमरठला बोलावलं. भात काढून झालं होतं, खाचरांत वाल पेरलेले होते. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात वालाच्या शेंगा, कांदे, अंडी भरली, मडकं उपडं करून भोवती जाळ केला. मडक्यातली ती पोपटी उघडली तेव्हा जो वास सुटला त्याने समोरच्या डोंगरावरची माकडं खाली उतरली (एक उतरलं). जेवून सगळे आंब्याखाली आडवे झाले. मी काकीच्या चार खाचरांकडे बघत होतो. खिडकीच्या चार काचा असाव्यात तशी चारही एकमेकांना लागून होती. भोवतीने चौकोनी बांध आणि मधून अधिकाच्या चिन्हासारखे दोन. काकी शेजारी बसून म्हणाली, "पावसात रोज सकाळी ह्या सगळ्या बांधांवरून फिराय लागतं रे. खेकड्यानं बीळ पाडलं की पाणी जातंय. माझे पाय तेच तेच बांध दोनदा तुडवतात. एकदाच चालून सगळे व्हायचे नाय का?" ती सहज बोलली होती. मी ते खिशात टाकलं.

पुढच्याच आठवड्यात सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला गेले. जाताना खडू माझ्या हातात दिला. "मी येईपर्यंत पडवी बंद पडू देऊ नकोस." मी तो खडू घरी उशाखाली ठेवून झोपलो. रविवार आला तेव्हा माझ्याकडे मांडायला एकही कोडं नव्हतं. सगळे पोहे संपवून माझ्याकडे बघत होते. मी उठलो आणि फळ्यावर काकीची चार खाचरं काढली. प्रत्येक बांध एकदाच, एकही राहता कामा नये, मागे फिरायचं नाही. "उत्तर माहीत आहे ना रे?" कदमांनी विचारलं, कारण नियम होता. आणि मी म्हणालो, "माहीत? मी स्वतः चालून आलोय. तुम्ही आंब्याखाली घोरत होतात तेव्हा."

ते वाक्य आमच्या घरात कुणी बोललं असतं तर आईने मान वर न करता मीठ वाढायला सांगितलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती.

तीन रविवार पडवीत दुसरं काही झालं नाही. कदमांनी तिकिटांच्या उलट्या बाजूंवर खिडक्या काढून डेपो भरला. तात्या कापडावर खडूने गिरवत बसायचे, एका गिऱ्हाइकाचा सदरा म्हणे पाठीवर ती खिडकी तशीच ठेवून शिवला गेला. नेहमी बांधाचे एक नाहीतर दोन तुकडे उरायचेच. मी भिंतीला टेकून गालात हसायचो. घरी गेलो की मीही गिरवायचो, आणि माझेही उरायचे. मला वाटायचं, निघेल. कधीतरी निघेल, आणि मग मी खोटं बोललो नव्हतो असं होईल.

चौथ्या रविवारी काकी फळ्यापाशी गेली. ती फळ्याला कधी हात लावत नसे. तिने खडू घेतला नाही, बोटच ठेवलं. "मला वाटतं हे व्हायचं नाय," ती म्हणाली. "बघा हां. इथं कडेला मधोमध तीन बांध मिळतात. एका बांधानं आलास, दुसऱ्यानं गेलास. तिसऱ्यानं परत आलास तर अडकलास, जायाला बांधच नाय. म्हंजे असल्या जागी चालणं संपवायचं. नायतर मग इथनंच निघायचं. निघायची जागा एक, संपायची एक. दोन झाल्या. पण असल्या तीन-बांधी जागा तर चार हायत." तिने चारही जागांवर बोट टेकवलं. ओल्या बोटाचे चार ठसे फळ्यावर उमटले. "मंग ह्या दोघींनी कुठं जावं?"

मला ते त्याच क्षणी कळलं. हे मला कुणालाही सांगायला आवडत नाही. कदमांना कळलं नव्हतं, तात्या अजून बोटं मोजत होते. मला मात्र डोंगरावरून ढग सरकावा आणि अख्खा डोंगर दिसावा तसं ते दिसलं. इतकं सुंदर काही त्या फळ्यावर कधीच आलं नव्हतं, सर असतानाही नाही. मी टाळी वाजवायला हवी होती. माझे हात उठलेही. आणि मग कदम माझ्याकडे वळून म्हणाले, "पण इनू तर चालून आलाय."

"आलोय की," मी म्हणालो. "काकी, कागदावर नाही होत, ते मलाही माहिती आहे. बांधावर होतं. पायाला डोकं असतं." आणि मी ते अशा ऐटीत सांगितलं, कुठून निघालो, कुठल्या वळणावर कुत्रं भुंकलं, कुठे वालाची वेल पायात आली, की तात्या हसायला लागले आणि कदमांनी जोरात टाळ्या वाजवल्या. "पायाला डोकं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाईही आतून डोकावून हसल्या. काकी फळ्यापाशी उभी होती. तिने पदराने आपले चार ठसे पुसले.

"मग हरलात का काकी?" कदमांनी गमतीने विचारलं. "कप ठेवू का पुढं?"

"नाय," काकी म्हणाली. "हरले नाय मी."

त्यानंतर ती पडवीत आली नाही. रविवारी महाडला यायची, दिराला भाकरी द्यायची. कदम सांगायचे, काकी स्टँडवर दिसल्या, पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसल्या होत्या, तीनच्या गाडीची वाट बघत. सकाळी दहापासून तीनपर्यंत ती बाई त्या बाकड्यावर बसायची आणि पडवी तिथून चालत सात मिनिटांवर होती. मी स्वतःची समजूत घातली, की ती अजून कोडं सोडवते आहे आणि सुटल्याशिवाय यायचं नाही असं तिने ठरवलं आहे. ही समजूतही काही सुखाची नव्हती. माझ्यामुळे ती बाई न होणारी गोष्ट करत बसली आहे, ह्या विचाराने मला आईच्या हातचे बोंबील गिळवेनात. एकदा मी स्टँडवर गेलो. चौकशीच्या खिडकीआडून बघितलं. ती गुडघ्यावर बोटाने काहीतरी गिरवत होती. मी परत फिरलो.

दुसऱ्या डोळ्याचंही करून पाऊस लागल्यावर सर परतले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "सुंदराबाई?" मग फळ्याच्या कोपऱ्यात राहिलेली खिडकी बघितली. नव्या चष्म्यातून एकदा, तो काढून एकदा. "हे होत नाही," ते म्हणाले. "कुणी मांडलं?" बाकीचे माझ्याकडे बघू लागले.  सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं. काकीने काय सांगितलं होतं ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा न फुगवता.  "हे मी कॉलेजात पुस्तकातून शिकलो," ते म्हणाले. "त्या बाईंनी बांधावर उभं राहून काढलं. उमरठला जा, विनू. त्यांना सांग की त्या बरोबर होत्या. माझ्या तोंडून नको. तुझ्या."

मी गेलो. लावणी चालू होती. खाचरं पाण्याने भरलेली, आठ-दहा बायका वाकून रोपं लावत होत्या, गाणं चाललं होतं. काकी डोक्यावर इरलं घेऊन बांधावरून चालत होती आणि दर चार पावलांनी वाकून बीळ चाचपत होती. मला बघून ती थांबली. "इनू? पावसात कसा रे आलास?" मी तोंड उघडलं. एसटीत सगळं पाठ केलं होतं. पण बायकांनी गाणं थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि एक म्हणाली, "ह्योच का गो तो, बांध चालून आलेला?" म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

"दाखव की चालून," काकी शांतपणे म्हणाली.

आणि मी चाललो. आजही मला कळत नाही का. बांध निसरडे होते, मी हात पसरून चाललो, वळलो, पुन्हा वळलो, आणि जिथे अडकायचं तिथेच अडकलो. पलीकडच्या अंगाला दोन बांध उरले होते. मधे आख्खं खाचर. बायका बघत होत्या. मी उडी मारली. ती उडी, सांगतो तुम्हाला, उमरठपासून तुडीलच्या खाडीपर्यंत दिसली असती. ती खाचराच्या अर्ध्यावर संपली. गुडघाभर चिखलात, नव्या लावलेल्या रोपांवर. "अगो बघ, पावना रोपासारका लागला," कुणीतरी म्हणालं, आणि बायका कंबरेवर हात ठेवून हसल्या. मी तसाच फताफता चिखल तुडवत पलीकडे गेलो, उरलेले दोन बांध चाललो आणि म्हणालो, "झालं."

"उडी धरून," काकी म्हणाली.

"उडी धरून."

ती मग खाचरात उतरली आणि मी तुडवलेली रोपं एकेक सरळ करून पुन्हा रोवली. नंतर घरी नेऊन पायांवर पाणी ओतलं, कुळथाचं पिठलं आणि लाल तांदळाचा वाफाळता भात वाढला. मी तीनदा भात घेतला, आणि जे सांगायला आलो होतो ते प्रत्येक घासाबरोबर खाली गेलं. परतल्यावर सरांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "हो." "काय म्हणाल्या?" "हसल्या." सर समाधानाने मान हलवून आत गेले. ते पुढे सहा वर्षं जगले. मी सांगितलं आहे ह्या समजुतीत गेले.

आता माझं वय सत्तरीपलीकडे आहे. मी आयुष्यभर गणिताचीच हमाली केली, शाळाशाळांतून कोड्यांचे कार्यक्रम केले. दोनशे गावं म्हणतो मी नेहमी. वहीत तेवीस आहेत. प्रत्येक ठिकाणी चार खाचरांची खिडकी काढली आणि तीन-बांधी जागांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा 'आमच्या ओळखीच्या एक काकी' म्हणायचो. नंतर गोष्ट लांबते म्हणून ते गाळलं. मुलांच्या टाळ्या पडायच्या. हल्ली मोबाईलवर आमचा कोडीवाल्यांचा गट आहे, त्यात पुण्याचे, परदेशातले, वेळीअवेळी उत्तरं टाकणारे हौशी आहेत आणि त्यांच्यात मला जुनी पडवी सापडते. गेल्या महिन्यात मी तिथेही खिडकी टाकली. वाहवा झाली. मग अकरावीतल्या एका मुलीने साधंच विचारलं, "सर, हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी समजावलं?"

मी उत्तर तीनदा लिहून तीनदा पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळची पोलादपूरची गाडी धरली.

काकी ऐंशीच्या पुढे गेली आहे. ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती, बोटाने दाबलं की दाणा टपकन सुपात. सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. काकीने मला आवाजावरून ओळखलं. इकडचंतिकडचं झालं, दीर मुंबईला असतो, खाचरांत आता निम्म्यात आंबा लावलाय. चहा संपला. मी कप खाली ठेवला.

"काकी," मी म्हणालो, "मी हरलो."

तिची बोटं थांबली. "कुठल्या कोड्याला?"

"बांधांच्या."

तिने हातातला दाणा सुपात टाकला. मग म्हणाली, "लय वर्सं लावलीस रे. उत्तर सांगू?"

"सांगा."

"नाय होत."

"तुम्हाला माहीत होतं. तेव्हाच."

"मंग? सांगितलं नव्हतं का मी? तू हरलो म्हणाला नायस, मंग परत कशी सांगू? सरांचा नेम व्हता."

मला इतकी वर्षं वाटत होतं, की मी तिचा स्वतःवरचा विश्वास घालवला. त्याची माफी मी तयार करून आणली होती. ती आता कामाची नव्हती. मी विचारलं, "मग पडवीत यायचं का सोडलंत?"

काकीने एक वाल सोलला. दुसरा सोलला. "बरोबर बोलायचं आनी गप उभं ऱ्हायचं," ती म्हणाली, "ते घरातपन व्हायचं की रे. त्याच्यासाठी दोन गाड्या कशाला बदलायच्या?" आवाजात राग नव्हता. "बाकड्यावर बसून करायची मी कोडी. चांगली व्हायची. पन बाईंच्या पोह्यांची आठवन यायची."

आतून सुनेने हाक मारली, कप राहू देत, मी नेते. मी दोन्ही कप उचलले.

"नियम आहे, काकी."

"मंग विसळ," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढलं. "नीट विसळ."

मागच्या दारी मोरी होती. कप दोनच होते. मला बराच वेळ लागला.